रील, शॉर्ट की स्टेटस? छोट्या व्हिडिओंच्या रूपांविषयी

विषय जाहीर झाल्यावर संयोजकांना दोन-तीन जणांनी विचारलं म्हणे, की वक्ते फॉलोअर कसे वाढवायचे ते सांगणार आहेत का? नाही सांगणार. (हशा) त्यासाठी फोन उघडलात की दर पाचव्या व्हिडिओत कुणीतरी सांगतच असतं. मला वेगळं काही करायचं आहे. ओवी आणि पोवाडा, लावणी आणि गवळण यांत आपण फरक करतो. कुठलं रूप काय पेलतं, कुठे कमी पडतं, याची चर्चा करतो. तशीच चर्चा रील, शॉर्ट, स्टोरी आणि स्टेटस यांची व्हायला हवी असं मला वाटतं. कारण आज गावातला कीर्तनकार, शाहिराचा नातू, खानावळ चालवणारी ताई, शाळेतले सर, सगळ्यांपुढे एकच प्रश्न असतो : हे कुठे टाकू? या प्रश्नाचं उत्तर आपण ‘जिथे जास्त बघतात तिथे’ असं देऊन मोकळे होतो. आणि मग ती कला, ती बोली, ती पाककृती पुढच्या पिढीला ज्या आकारात भेटते, तो आकार कुणी ठरवलेलाच नसतो.

आधी लांबीचा गैरसमज दूर करू. छोटा व्हिडिओ ही आजची गोष्ट नाही. ७ जुलै १८९६ ला मुंबईत वॉटसन हॉटेलमध्ये ल्युमिएर बंधूंचे चित्रपट दाखवले गेले, ते एकेक मिनिटाच्या आतबाहेरचेच होते. त्यानंतर तीन वर्षांनी, १८९९ मध्ये, सावे दादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली. तीही छोटीच. पण ते छोटे होते कारण फिल्मचा तुकडाच तेवढा होता. आज फोनमध्ये तासभराचं चित्रीकरण सहज मावतं. मग आजचा छोटा व्हिडिओ छोटा का?

गंमत म्हणजे तो आता फारसा छोटा राहिलेलाही नाही. २०१३ मध्ये आलेलं वाइन सहा सेकंदांचं होतं. इन्स्टाग्रामचं रील आलं तेव्हा १५ सेकंदांचं होतं. मग ३०, ६०, ९०, आणि जानेवारी २०२५ पासून तीन मिनिटं. यूट्यूबचं शॉर्ट १५ वरून ६० सेकंदांवर गेलं आणि १५ ऑक्टोबर २०२४ पासून तेही तीन मिनिटांचं झालं. तीन मिनिटांत जुनी ७८ आरपीएमची तबकडी जवळजवळ एका बाजूने वाजून व्हायची. त्या तबकड्यांत आपल्या थोर गायकांनी अख्खे राग मांडून ठेवले आहेत. तेव्हा ‘काय करणार, वेळच मिळत नाही’ ही तक्रार आता चालणार नाही.

माझं म्हणणं असं, की छोट्या व्हिडिओचं लक्षण लांबी नाही. त्याचं लक्षण हे, की तो कुणी मागितलेला नसतो. तबकडी कुणीतरी निवडून, पुसून, लावून ऐकायचं. रील समोर येतं. बघणाऱ्याचा अंगठा काचेवर तयारच असतो, आणि तुमचं पहिलं वाक्य पूर्ण व्हायच्या आत निकाल लागतो. यूट्यूबवर तर आता उभा किंवा चौकोनी, तीन मिनिटांच्या आतला व्हिडिओ चढवलात की तो आपोआप शॉर्ट होतो. फेसबुकने २०२५ च्या जूनमध्ये सांगून टाकलं, की आमच्याकडे आता प्रत्येक नवा व्हिडिओ रील म्हणूनच जाईल, लांबी काही का असेना. म्हणजे बघा, तासाभराचंही रील! शब्दाचा अर्थच गेला. उरलं काय, तर ‘समोर ढकलला जाणारा व्हिडिओ’. म्हणून निवड करायची तर सेकंदांची करू नका. माझ्या व्हिडिओपर्यंत माणूस कसा पोचणार आहे, याची करा.

आता हे चारही प्रकार त्या नजरेने बघू.

व्हॉट्सॲपचं स्टेटस घ्या. फेब्रुवारी २०१७ मध्ये ते आलं. त्याआधी इन्स्टाग्रामने २०१६ मध्ये स्टोरी आणली, आणि तीही स्नॅपचॅटची २०१३ ची कल्पना उचलून. चोवीस तासांत पुसलं जाणारं. परदेशात या पुसलं जाण्याचं मोठं कौतुक झालं. पण आपल्याला ते नवीन नव्हतं. शाळेच्या दारातला सुविचाराचा फळा, चौकातला वार्ताफलक आठवा. ओळखीची माणसं येता-जाता वाचणार, उद्या सकाळी कुणीतरी ओल्या फडक्याने पुसणार आणि नवीन लिहिणार. महाराष्ट्रात स्टेटस इतकं रुजलं ते यामुळे असावं. वाढदिवस, श्रद्धांजली, पहिला पाऊस, नवीन ट्रॅक्टर, शिवजयंती. बघणारा तुम्हाला ओळखतो, आणि कुणी बघितलं ते तुम्हाला दिसतं. इथे प्रस्तावनेची गरज नसते. ‘तात्यांचा आज पंचाहत्तरावा’ एवढं म्हटलं की पुरतं. तात्या कोण हे सगळ्यांना माहीत आहे.

ट्विटरने हेच रूप ‘फ्लीट्स’ नावाने नोव्हेंबर २०२० मध्ये आणलं आणि पुढच्या ऑगस्टमध्ये गुंडाळलं. ते का चाललं नाही याची कारणं पुष्कळ सांगतात. मला वाटतं, फळा ओळखीच्या गल्लीत लागतो. हमरस्त्यावर फळा लावून कोण वाचणार?

आणि रील म्हणजे हमरस्ता. जत्राच म्हणा. तिथे बघणाऱ्याला तुम्ही कोण, गाव कुठलं, आधी काय म्हणालात, काहीही माहीत नाही. स्टेटसला शोभणारी गोष्ट रील म्हणून टाकली की ती उघडी पडते, आणि जत्रेतली आरोळी स्टेटसवर टाकली की घरचे लोक हळूच तुम्हाला म्यूट करतात. (हशा) हसू नका, करतात.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. तिथे मी जरा रेंगाळणार आहे.

आपल्याकडे सगळ्यात जास्त कापली जाणारी कला कुठली असेल तर ती कीर्तन. वारकरी कीर्तनात एक अभंग घेतात आणि दोन तास त्याचं निरूपण चालतं. नारदीय कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग. दोन्हींत विनोद असतो, आणि असायलाच हवा. रात्री नऊ वाजता दमून आलेली माणसं बसलेली असतात. पण तो विनोद उधारीवर घेतलेला असतो. कीर्तनकार श्रोत्यांना सांगत असतो, की आता थोडं हसून घ्या, पुढे अभंगाच्या दुसऱ्या चरणात मी तुमच्याकडून याची वसुली करणार आहे. क्लिप काय करते? उधारी घेते आणि वसुलीच्या आधी पळून जाते. सून, सासू, दारुडा, कॉलेजची मुलगी यांच्यावरचे चाळीस सेकंद उरतात, अभंग मांडवातच राहतो.

यात आणखी एक गोष्ट हरवते. मांडवात कीर्तनकाराला समोरचे चेहरे दिसतात. एखादं वाक्य जास्त लागलं असं वाटलं की तो तिथल्या तिथे ते मऊ करतो, स्वतःवर घेतो, एखाद्या आजीला उद्देशून ‘माऊली, तुम्हाला नाही म्हणत’ म्हणतो. हा सांभाळ कापणाऱ्याच्या दृष्टीने निरुपयोगी असतो, म्हणून तो पहिला जातो. मग डोंबिवली लोकलमध्ये उभी असलेली मुलगी ते वाक्य तेवढंच ऐकते आणि तिला राग येतो. तिचा राग खोटा नाही. तिच्यापर्यंत जे पोचलं त्याचाच तो राग आहे. गडबड अशी, की कापणाऱ्यांनी कापून कापून काही कीर्तनकारांना त्याची चटक लावली आहे. आता कीर्तनच क्लिपसाठी रचलं जातं. दर पाच मिनिटांनी एक टाळीचं वाक्य, मध्ये अभंगाचा नुसता पाट. कलेचं रूप असं आतून बदलतं, आणि माझी चिंता ही आहे. कापलेल्या क्लिपेपेक्षा क्लिपेसाठी केलेलं कीर्तन जास्त नुकसान करतं.

मग कीर्तनाचं काहीच छोट्या रूपात येऊ शकत नाही का? येतं की. अभंगातल्या एका जुन्या शब्दाचा उलगडा करायला चाळीस सेकंद भरपूर आहेत. शब्द सांगितला, अर्थ सांगितला, तो चरण एकदा म्हटला, संपलं. ऐकणाऱ्याला काही मिळालं, कुणाची उधारी राहिली नाही.

दुसरं उदाहरण लावणीचं. फडावरची लावणी नाही म्हणत मी, बैठकीची. यमुनाबाई वाईकरांसारख्या कलावतींनी जी जपली ती. तिथे एकच ओळ पुन्हा पुन्हा येते. पण दर वेळी वेगळी येते : आधी लाडाने, मग रुसून, मग थट्टेने, मग नुसत्या नजरेने. बघणाऱ्याचं सगळं सुख ‘आता ही ओळ कशी येणार’ यात आहे. शास्त्रीय गाण्यात मुखडा घेऊन समेवर येतात तेही असंच; येण्याची जागा ठरलेली, येण्याची वाट दर वेळी निराळी.

रीलही पुन्हा पुन्हा येतं. संपलं की आपोआप सुरू होतं. ते इतकं बेमालूम सुरू व्हावं की बघणाऱ्याला सांधा कळू नये, अशी खटपट करणारे संकलक आहेत. पण ही पुनरावृत्ती मेलेली आहे. तीच अदा, तोच क्षण, तोच श्वास. आणि त्यातून आकडाही फुगतो. ३१ मार्च २०२५ पासून यूट्यूबने शॉर्टचे व्ह्यूज मोजायची रीत बदलली. व्हिडिओ सुरू झाला किंवा पुन्हा फिरला, की एक व्ह्यू. किती वेळ बघितला याची अट नाही. तेव्हा कुणी ‘माझ्या लावणीला दहा लाख व्ह्यूज’ म्हणालं, तर किती जण थांबले हे त्यावरून कळत नाही. बैठकीची लावणी तीस सेकंदांत बसवली की तिची एकच अदा उरते, आणि मग ती फिरत राहते. एकाच अदेची लावणी ही लावणी नव्हे, पोस्टर आहे.

आणि चौकट! फोन उभा, म्हणून चित्र उभं, ९:१६. उभ्या चौकटीत एक माणूस झकास बसतो. दोन जेमतेम. पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी असतात, त्यांच्या ‘जी जी’ शिवाय पोवाड्याला पाठकणा नाही. उभ्या चौकटीत ते कडेने कापले जातात. ऐकू येतात, दिसत नाहीत. हळूहळू शाहीर एकटाच गातो आणि झील रेकॉर्डिंगवरून लागते. मी कुणाला दोष देत नाही. चौकटीचा हा स्वभावच आहे. ती समूहाला आवडत नाही, चेहऱ्याला आवडते.

आता एवढी टीका केल्यावर न्याय म्हणून उलट बाजूही सांगितली पाहिजे. काही गोष्टी या रूपासाठीच जन्मल्यासारख्या आहेत.

उखाणा बघा. दोन ओळी, नाव शेवटी. रीलचे गुरू सांगतात, की पहिल्या तीन सेकंदांत सगळ्यात चमकदार गोष्ट दाखवा, नाहीतर लोक निघून जातील. उखाणा बरोबर उलटं करतो, हवी ती गोष्ट शेवटपर्यंत दडवतो, आणि तरी कुणी उठून जात नाही. का? कारण भोवती ‘नाव घ्या, नाव घ्या’ चाललेलं असतं. उत्सुकता बघणाऱ्यांच्या गलक्यात आहे. म्हणून नवरी एकटी, मागे सिनेमाचं संगीत, आणि कॅमेऱ्याकडे बघून पाठ केलेला उखाणा, ही रीलं मला निर्जीव वाटतात. जिथे नणंद मध्येच तोंड घालते, कुणीतरी ‘ऐकू नाही आलं’ म्हणून पुन्हा घ्यायला लावतं, तिथे वीस सेकंदांत अख्खं घर दिसतं.

किंवा स्वयंपाक. पूर्ण पुरणपोळी एका मिनिटात दाखवणं हे मला फसवणूक वाटतं. डाळ शिजायला वेळ लागतो, कणीक मुरायला वेळ लागतो, आणि तो वेळच तर शिकायचा असतो. कापाकापीत नेमकी थांबण्याची जागा जाते. मग करणारी म्हणते, व्हिडिओत तर झालं होतं! पण पुरण झालं की नाही हे कसं ओळखायचं? त्यात कालथा उभा करायचा. उभा राहिला तर झालं, कलंडला तर अजून आटवायचं. ही खूण दहा सेकंदांत अशी दाखवता येते, की पुस्तकातल्या पानभर मजकुराने ती कळणार नाही. माझा ठोकताळा असा, की छोटा व्हिडिओ खूण दाखवायला उत्तम, आणि प्रक्रिया दाखवायला बहुतेक वेळा लबाड.

‘बहुतेक वेळा’ मुद्दाम म्हणालो. कारण दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली, ती प्रक्रियाच होती. रोज थोडं थोडं चित्रण करून दिवसांचे क्षण केले. भांडवल देणाऱ्याला पटवण्यासाठी केलेलं काम ते, आणि त्यातून पुढे १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ उभा राहिला. तिथे वेळ आवळला आहे हे बघणाऱ्याला कळत होतं, आणि तेच तर आश्चर्य होतं. वेळ लपवून आवळणं आणि दाखवून आवळणं यात फरक आहे. रीलमध्ये तो क्वचितच सांभाळला जातो.

आता जे टाकलं ते उरतं का, याबद्दल बोलतो.

२९ जून २०२० ला सरकारने ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. बंदी योग्य की अयोग्य हा आजचा विषय नाही. पण महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून ज्यांनी तिथे दोन-दोन वर्षं रोज काही केलं होतं, शेतातले नाच, अहिराणीतले, वऱ्हाडीतले, मालवणीतले छोटे प्रवेश, त्यांचं काम एका रात्रीत बघणाऱ्यांच्या आवाक्याबाहेर गेलं. ज्यांनी मूळ फाइल फोनमध्ये ठेवली होती त्यांचं वाचलं. ८ जुलैला, म्हणजे दहा दिवसांच्या आत, इन्स्टाग्रामने भारतात रील सुरू केलं. सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्टची चाचणी सुरू केली, तीही आधी भारतातच. मोज, जोश, चिंगारी ही देशी ॲप्सही तेव्हाच पुढे आली. दुकान बंद झालं तर शेजारी तीन उघडली. पण जुन्या दुकानातला माल कुणी आणून दिला नाही.

याच्या शेजारी मी तुम्हाला जात्यावरच्या ओव्यांचं काम ठेवून दाखवतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी त्यांच्या सहकाऱ्यांबरोबर हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ मध्ये ‘पारी’ने, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाने, त्या इंटरनेटवर आणायला सुरुवात केली. ओवी किती छोटी असते! रीलपेक्षा छोटी. पण तिथे प्रत्येक ओवीबरोबर गाणारीचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, व्यवसाय दिलेला असतो. रीलवर तीच ओवी आली की खाली काय दिसतं? ‘ओरिजिनल ऑडिओ’, आणि ज्याने पहिल्यांदा चढवली त्याच्या खात्याचं नाव. पुढे हजार जण तो आवाज वापरतात, त्यावर ओठ हलवतात, कुणी गायलं ते कुणालाच माहीत नाही. छोटेपणा दोन्हीकडे सारखा, पण एकीकडे बाई आहे आणि दुसरीकडे नुसता आवाज.

पैशाचाही एक बारकावा यात आहे. यूट्यूबने फेब्रुवारी २०२३ पासून शॉर्टच्या जाहिरातींतला वाटा द्यायला सुरुवात केली. व्हिडिओत परवान्याचं एक गाणं वापरलं, की त्याच्या वाट्याची निम्मी रक्कम आधीच संगीताकडे जाते. दोन गाणी वापरली तर दोन-तृतीयांश. उरलेली रक्कम सगळ्या निर्मात्यांच्या सामायिक निधीत जाते, आणि त्यातून व्ह्यूजच्या प्रमाणात वाट्याला आलेल्या रकमेचे ४५ टक्के निर्मात्याला मिळतात, गाणं वापरलेलं असो वा नसो. म्हणजे स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या डफावर केलेल्या गोष्टीला हिशेबात कमी टक्के मिळत नाहीत. आणि आपले लोक मात्र मागे चालू सिनेमाचं गाणं लावतात, कारण ते ‘ट्रेंडिंग’ असतं.

बोलींबद्दल दोन शब्द. छोट्या व्हिडिओने अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी घराबाहेर आणली, हे मोठंच काम. पूर्वी आकाशवाणीवर आठवड्यातून एखादा कार्यक्रम असायचा. पण समोरून सरकणाऱ्या अनोळखी माणसाला तीन सेकंदांत थांबवायचं, तर बोली हसवायला वापरणं सगळ्यात सोपं. त्यामुळे या बोलींत भांडणारी बायको आणि बावळट नवरा भरपूर भेटतात. पीकविम्याचा अर्ज कसा भरायचा हे वऱ्हाडीत सांगणारा क्वचित. बोलीला नुसतं विनोदाचं काम देणं म्हणजे तिला घरात घेऊन ओसरीवरच बसवणं.

वेळ होत आली. प्रश्न घेऊ.

श्रोता : सर, माझे आजोबा शाहीर आहेत. ब्याऐंशी वर्षांचे. त्यांच्या तीन-चार पोवाड्यांचं शूटिंग माझ्या मोबाइलमध्ये आहे. घरचे म्हणतात रील कर. मी काय करू?

वक्ता : छान प्रश्न. आधी त्या फाइली दोन ठिकाणी ठेवा, एक घरातल्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या कुणाकडे. मग अख्खे पोवाडे, जसे आहेत तसे, यूट्यूबवर लांब व्हिडिओ म्हणून चढवा. खाली आजोबांचं नाव, गाव, तारीख, झीलकऱ्यांची नावं, ढोलकी कुणाची, सगळं मराठीत लिहा, म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल. हा झाला तुमचा कणगा. रील त्यातून काढा, मूठभर. एक चौक घ्या, पूर्ण चौक, मध्येच तोडू नका, आणि पूर्ण व्हिडिओ कुठे आहे ते त्यावर लिहा. आणि नातेवाइकांसाठी स्टेटसला वेगळं काही ठेवा, आजोबा डफ तापवताना वगैरे. ते जत्रेत नेऊ नका.

श्रोता : शूटिंग उभं आहे सर. झीलकरी दिसत नाहीत.

वक्ता : मग आजोबांचा आवाज आहे तोवर एकदा पुन्हा करा. फोन आडवा धरा, दहा पावलं मागे जा. आणि दुसरा एक फोन आवाजासाठी त्यांच्याजवळ ठेवा, पण डफाच्या समोर नको, बाजूला; नाहीतर थाप जोरात येते आणि शब्द फाटतात.